माक्याचं काजळ

रविवार, १९ मार्च १९३९. अमरावती

शाळेत मी मुलींना दरवर्षी सांगते, रोज चार ओळी लिहीत जा, अक्षर सुधारतं. स्वतः कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. परवा हजेरीची एक कोरी वही उरली ती घरी आणली. आज लिहायला कारणही घडलं आहे.

आमच्या लग्नाच्या फोटोची काच नाहीशी झाली. फोटो भिंतीवर आहे, चौकट आहे, चौकटीत आम्ही दोघं उभे आहोत, काच तेवढी नाही. फुटली म्हणावं तर खाली एक तुकडा नाही. मागचे बारीक खिळे सरळ केलेत, काच काढलीय, खिळे पुन्हा वाकवून ठेवलेत. हे काम हत्यार धरायची सवय असलेल्या हाताचंच.

आणि तसा हात घरात एकच. हे, म्हणजे शेषराव, माझे यजमान, कापसाच्या जिनिंग-प्रेसमध्ये फिटर आहेत. (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. वहीत एकदा लिहिलं, आता पुन्हा लिहिणार नाही.) दिवाळीत तिथं मुंबईहून विजेनं लोखंड जोडायचं मशीन आलं. त्याचा असा झगझगीत उजेड पडतो म्हणे, की तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा धरल्याशिवाय तिकडं पाहायचंच नाही. अमरावतीत ते काम येणारे दोनच, त्यातले एक हे. त्यामुळे मान जरा ताठ असते.

विचारलं, "अवो, फोटोची काच कुठं गेली?"

"मले काय माहीत," म्हणाले. भिंतीकडं वळूनही पाहिलं नाही. यांना खोटं बोलता येत नाही. बोलले की डावा हात कानाकडं जातो, तो गेला.

लग्नाच्या फोटोवरची काच माणूस कशाला काढील? चौकटीत दुसरं काही बसवायचं असेल तरच.

गुरुवार, २३ मार्च

पाडव्याचं हिरवं लुगडं आज पहिल्यांदा नेसले. शाळेत सगळ्यांनी पाहिलं. घरी येऊन यांच्यासमोर दोनदा उगाच गेले-आले. शेवटी तोंडानं विचारलं, कसं आहे?

"बरं हाये. कायं लुगडं तुले शोभते," म्हणाले.

काळं! मी सणाचं काळं लुगडं नेसेन? नीट पाहिलंच नाही. होळीपासून हे असंच चाललंय. पूर्वी मी भाकरी टाकायची आणि हे चुलीपुढं बसून मला पेपर वाचून दाखवायचे. आता पेपर घडी घातलेलाच पडून असतो. "त्यात काय वाचाचं, सारं लबाड हाये," म्हणतात. आणि कंदील जरा मोठा केला की लगेच, "बत्ती बारीक कर." नऊ वर्षांनी बायकोचं तोंड उजेडात पाहवत नसेल तर अंधार बरा, दुसरं काय.

सासूबाईंचं हिवरखेडहून पत्र आलं आहे. शाळामास्तरांकडून लिहवून घेतात आणि मास्तर जरा जास्तच मन लावून लिहितात. नऊ वर्षं झाली, पाळणा हालला नाही. नत्थुजींची जमुना यंदा सोळाची झाली. शेषरावाने एकदा येऊन जावे. पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा हे डोळे मिटून भिंतीला टेकून बसले होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

मंगळवार, २८ मार्च

धुण्यात यांच्या उपरण्याला काळा डाग सापडला.

प्रेसचे डाग मी नऊ वर्षं धुते आहे. ते वंगणाचे असतात, तपकिरी, साबणाला दाद न देणारे. हा मऊ, काळाभोर, बोटानं पुसल्यासारखा. हुंगून पाहिला. एरंडेल आणि कापूर. म्हणजे काजळ.

आमच्या घरात काजळ नाही. शाळेत लागले तेव्हापासून मी घालत नाही, आणि ज्याला घालायचं ते लेकरू नाही. मग हे कोणाच्या डोळ्यांतलं?

उपरणं तसंच घडी करून ट्रंकेत ठेवलंय. पुरावा धुऊन टाकण्याइतकी मी भोळी नाही.

रविवार, २ एप्रिल

काल संध्याकाळी हे फिरायला म्हणून गेले. आज पहाटे मी उठायच्या आत पुन्हा बाहेर. परत आले तेव्हा धोतराला चिखल आणि अंगाला झेंडूचा वास. चैत्रात चिखल कुठून आणला?

अंघोळीला गेले तेव्हा सदऱ्याचा खिसा पाहिला. पाहू नये, पण पाहिला. हळदीनं पिवळे केलेले तांदूळ, एक सुपारी, कागदात चिमूटभर कुंकू.

अक्षता! अक्षता कशाला लागतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी सगळं होतं तसं खिशात परत घातलं.

"मारुतीले गेलतो," म्हणाले. मारुतीला तेल वाहतात, रुईची माळ घालतात. तो बिचारा ब्रह्मचारी, त्याला अक्षतांचं काय काम? आणि डावा हात पुन्हा कानाकडं.

दुपारी शेजारची तानुबाई आली. तिचे पाय घरात आणि कान गावात. मी काही विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, "मास्तरीणबाई, एक सांगू काय? राग नका मानू. तुमचे मालक दर रविवारी पाहाटी नांदगावच्या वाटेनं जाते. माणिकबाईच्या मळ्यात. झेंडूचा मळा हाये तिचा. नवरा नाई तिले."

"वय काय असन तिचं?"

"म्या कुठं पाह्यली माय! पण तिच्याकडं गेलेला माणूस घरी तोंड उघडत नाई, असं म्हणते लोक."

तानुबाई गेल्यावर मी रडले. इथं लिहायला लाज कसली. हिवरखेडची जमुना मला ठाऊक होती, समोरून येणारी गाडी दिसते तशी. ही मळ्यातली बाजूनं आली.

सोमवार, १० एप्रिल

मशीनचं सामान आणायला अकोल्याला जातो म्हणाले, बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. संध्याकाळी रिकाम्या हातानं परत. सामान मिळालं नाही म्हणे. अकोल्यापर्यंत गेलेला माणूस हिवरखेडला मोटारीनं जाऊन येऊ शकतो काय? वेळ जुळवून पाहिला. जुळत नाही. पण नत्थुजीच मुलीला घेऊन अकोल्याला आले असतील तर जुळतो.

आल्यापासून गप्प आहेत. जेवताना वाटीऐवजी ताटाबाहेर हात गेला, डाळीत बुडवायचा घास जमिनीला टेकवला. मन ताटात नसलं की असंच होतं.

मग एकाएकी म्हणाले, "सत्यभामा, माही नोकरी गेली अन् आपल्याले हिवरखेडले जाऊन राहा लागलं, तं तुले चालन?"

म्हणजे ठरलं आहे तर. मी म्हटलं, "माह्या शायेचं काय?"

"तेच म्हणतो," म्हणाले आणि उठून गेले.

माझं नावच सत्यभामा. वडिलांनी ठेवताना दोनदा विचार करायला हवा होता.

गुरुवार, २० एप्रिल

सापडलं.

सरकीच्या डब्यात, अगदी तळाशी, काळ्या फडक्यात गुंडाळलेली एक बाटली आणि पितळेची काजळाची डबी. बाटलीत पिवळाधमक अर्क, झेंडूच्या वासाचा. डबीत काजळ, अर्धं संपलेलं. हे रोज पहाटे "तोंड धुतो" म्हणून परसात इतका वेळ काय करतात ते आज कळलं. ते काजळ हे स्वतःच्या डोळ्यांत घालतात! पस्तिशीचा पुरुष, प्रेसमधला मिस्त्री. म्हणून डोळ्यांच्या कडा काळ्या. विचारलं की म्हणायचे, इंजिनची काजळी.

दुसऱ्या बाईनं दिलेलं काजळ नवरा लपवून डोळ्यांत घालतो. आणि तेव्हापासून त्याला बायको दिसत नाही. हिरव्याचं काळं होतं. ह्याचा अर्थ लावायला काही शाळा शिकावी लागत नाही.

सगळं जसंच्या तसं ठेवलं. डोळ्यांत तेल घालून बसणं आता माझ्याकडं आलं आहे.

शनिवार, २२ एप्रिल. आखाजी

मी पाचवीला आरोग्याचा धडा शिकवते. करणी, मोहनी, भूत, हे सगळं अज्ञान आहे असं फळ्यावर लिहिते. ते पुसायला मला आजचा दिवस पुरला.

तानुबाईला डबी दाखवली. तिनं हातसुद्धा लावला नाही. "मोहनी हाये हे. डोयातून घालते. अशीच एकीनं आमच्या दिराले घातलती." पदराच्या गाठीतून अंगारा काढला, कुठल्याशा धुनीचा. "हा चिमूटभर कालवा त्याच्यात. तिचं तिच्यावरच उलटते. पण मालकाले कळू नका देऊ."

संध्याकाळी हे फिरायला गेले, शनिवार ना. त्यांची पावलं कोपऱ्यावरून वळली तशी मी डबी उघडली. अंगारा बोटाला खरखरीत लागला. चाळावा असं वाटलं होतं, पण चाळलेला अंगारा चालतो की नाही ते माहीत नव्हतं. काडीनं कालवला. वरून सारखं केलं. नीट झालं.

आज अक्षय्य तृतीया म्हणून पुरणपोळी केली होती. हे म्हणाले, झक्कास झाली. मला गिळवेना.

सोमवार, २४ एप्रिल

गुण येतोय.

काल पहाटेपासून यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी वाहतंय. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. खडे खुपल्यासारखं होतं म्हणतात. मी मनात म्हटलं, उतरतंय, उतरू दे. आज हे परसात दगडावर बसले होते, डोळ्यांवर ओलं फडकं धरून. मला वाटतं आतून पश्चात्ताप होत असावा, कारण आपल्याशीच म्हणत होते, "मीच बोललो असन. झोपीत बोललो असन."

"काय बोलले?"

दचकले. "कायनी. तू काही आयकलं काय? मी झोपीत काही सांगतलं काय तुले?"

"नाई."

"पक्कं नाई?"

किती भेदरून विचारलं! चोराच्या मनात चांदणं. बोलून टाका, असं तोंडावर आलं होतं, पण मी आवरलं. ह्यांनी आपण होऊन कबूल करावं.

मंगळवार, २५ एप्रिल

सकाळची शाळा सुटून घरी आले तर अकरालाच टांगा दाराशी. फोरमन खुशालराव आणि आणखी एक कामगार यांना धरून उतरवत होते. हे मशीनपाशीच खाली बसले म्हणे, डोळे उघडेनात. माझ्या दारातल्या पायरीला यांचा पाय अडला, नऊ वर्षांची ओळखीची पायरी.

खुशालराव यांचं सामान घेऊन आले होते. डबा, उपरणं आणि तो मुखवटा. मी मुखवटा पहिल्यांदाच पाहत होते. पत्र्याचा, डोळ्यांपाशी चौकोनी खिडकी. त्या खिडकीत काळी काच. काळी कसली, साधीच, दिव्यावर धरून काजळी चढवलेली. तिच्या एका कडेला माझ्या ओळखीची सोनेरी कागदाची पट्टी चिकटलेली होती. आमच्या लग्नाच्या फोटोवाल्यानं लावलेली.

"खरी काच होळीच्याच टायमाले फुटली," खुशालराव म्हणाले. "मुंबईले लिहिलं हाये, अजून आली नाई. म्या म्हणलं, शेषराव, थांब. तं म्हणे काम अडते, मी आपलं जुगाड करतो."

 मुखवटा हातात घेऊन उभीच राहिले. बोटांना काजळी लागली. हिला ना कापराचा वास, ना एरंडेलाचा.

फोटोची काच कळली. पण मग काजळ? अक्षता? एक गाठ सुटली म्हणून सगळं कापड उसवत नाही, असं मी स्वतःला दिवसभर बजावते आहे.

गुरुवार, २७ एप्रिल. अकोल्याहून परत

"अकोल्याच्या डोयाच्या डाक्टरकडं चाल," हेच म्हणाले. बडनेऱ्याच्या फलाटावर माझा दंड घट्ट धरला होता. लोक पाहत होते. एरवी हे रस्त्यात माझ्यापुढं दहा पावलं चालतात.

डॉक्टरांनी यांना पाहताच ओळखलं. "तुम्हीच ना ते? दोन आठवड्यांपूर्वी मी काय सांगितलं होतं? दोन महिने त्या मशीनचं तोंड पाहू नका म्हणून! तुम्ही गेलातच."

म्हणजे दहा तारखेचं सामान हे.

बत्ती लावून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, उजव्या डोळ्यात अगदी मधोमध जळल्याचा डाग आहे. तो त्या उजेडाचा, आता जाणार नाही. बाजूचं दिसेल, नाकासमोरचं दिसणार नाही. काजळी धरलेल्या काचेनं डोळे दिपत नाहीत, म्हणून माणूस आणखीच टक लावून बघतो. डावा वाचेल. पण हे दोन्ही डोळ्यांवर वरून ओरखडे कसले? हे ताजे आहेत. काहीतरी खरखरीत गेलंय. काय घातलं होतं डोळ्यांत?"

"कायनी," हे म्हणाले.

"काजळ, सुरमा, कोणाचा काही पाला?"

"कायनी, साहेब."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे मलाही माहीत नाही. आरोग्याचा धडा शिकवणारी मी.

दोन्ही डोळ्यांवर पट्टी. पंधरा दिवस उघडायची नाही. डोळ्यांत औषधाखेरीज काही जाता कामा नये.

परतीच्या गाडीत विचारलं, "होळीपासून सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तू प्रेसमधी जाऊन फोरमनशी भांडली असती." खरं आहे, भांडले असते. थोड्या वेळानं म्हणाले, "अन् काम सुटलं तं हिवरखेड. थितं माय मले गप बसू देईन काय? जमुना जमुना लावलंय तिनं. मले नाई पायजे जमुना."

गाडीच्या खिडकीतून काळं रान मागं पळत होतं. मी बडनेऱ्यापर्यंत त्यांच्या पट्टीकडं पाहत बसले. 

रविवार, ३० एप्रिल

आज पहाटे मी गेले नांदगावच्या वाटेनं. डबी पदराखाली होती. खरं सांगते, अर्ध्या मनानं भांडायलाच निघाले होते.

मळा रस्त्याला लागूनच. पाटाचं पाणी झेंडूच्या वाफ्यांतून खळखळत होतं, त्याच्या कडेनं चिखल. पाटाकाठी एक म्हातारी वाकून पाला खुडत होती. सत्तरीची असेल. हात कोपरापर्यंत काळे.

"माणिकबाई कुठं हाये?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "तू शेषरावाची बाई दिसतं. दोन रविवार आला नाई थो."

मला तिथंच पाटात बसावंसं वाटलं. महिनाभर जिच्यावर दात खाल्ले ती ही.

तिनं मला खाटेवर बसवलं आणि हातानं माका ठेचत राहिली. माक्याच्या रसानंच हात काळे होतात. चिंधी त्या रसात सात वेळा भिजवायची, सात वेळा सावलीत वाळवायची, मग एरंडेलात तिची वात जाळायची आणि वर पितळेचं भांडं धरायचं. जमलेल्या काजळीत कापूर खलायचा. त्याचं काजळ. झेंडूचा अर्क पापण्यांवर फडक्यानं ठेवायला, त्याला उजेड लागू द्यायचा नाही. उन्हातान्हात राबणारे माळी तिच्या सासूच्या काळापासून हे नेतात.

"उन्हाच्या डोयाचं मले समजते. बिजलीच्या डोयाचं मले समजत नाई, असं म्या त्याले पयलेच सांगतलं. म्हणे, आजी, तरी द्या."

"अन् अक्षता?"

"झाडाले आवतण नको काय?" ती माझ्याकडं पाहून म्हणाली, जणू मला पाढे येत नसावेत. "शनवारी सांजले कुंकू-तांदूळ वाहाचे, सुपारी ठेवाची, सांगाचं का बाबा, उद्या तुले न्याले येतो. रविवारी उजेडाआंधी खुडाचं. मोल घ्याचं नाई. अन् ज्याले गरज हाये त्यानं सोता याचं, अन् कोणापाशी बोलाचं नाई. बोललं का गुण जाते. घरच्या बाईपाशीसुद्धा नाई."

मी डबी काढून तिच्या हातात दिली. तिनं झाकण उघडलं, थोडं काजळ दोन बोटांत चोळलं, आणि तिची बोटं थांबली.

"याच्यात राख हाये."

तिनं बोटं माझ्यापुढं धरली.

"माह्या काजळात राख नसते. कोणं टाकली?"

"म्या."

म्हातारीनं बोटं लुगड्याला पुसली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "त्याले माहीत हाये?"

"नाई. ते समजते का झोपीत बोलले, म्हणून गुण गेला."

"जा मंग. सांग त्याले."

"पण बोलाचं नाई म्हणता ना?"

"दवाईचं बोलू नको म्हणलं. पापाचं बोलू नको असं म्या कवा म्हणलं?"

शुक्रवार, ५ मे

शाळेला सुट्टी लागली. पाच दिवस झाले, सांगितलेलं नाही. रोज ठरवते. सकाळी म्हणते संध्याकाळी, संध्याकाळी म्हणते, आत्ता जेवतायत, आत्ता झोपलेत.

हे भिंतीला टेकून बसतात. पट्टीखालून गाल वाळलेले दिसतात. कधी हात चाचपत माझ्या हाताशी येतो. काल म्हणाले, "सत्यभामा, हे सारं माह्यानंच झालं. मले एवढं एक सांगतलं होतं, ते माह्यानं पाळवलं नाई." काय पाळवलं नाही ते मात्र अजूनही सांगत नाहीत. एवढं होऊनही शब्द पाळतायत. आणि मी समोर बसून ऐकते. माझ्यासारखी नीच बाई अमरावतीत दुसरी नसेल.

तानुबाई आली होती, उलटलं का विचारायला. उलटलं म्हटलं, आणि दार लावलं.

मंगळवार, ९ मे

दुपारी मी लिहीत होते. टाकाचा आवाज त्यांना ऐकू आला.

"रोज काय लिहितं व तू? माह्या कानावर येते कुरकुर."

"काही नाई. दिवसाचं."

"वाचून दाखव ना. पेपर मी तुले वाचून दाखवत होतो, आता तू मले दाखव. दिवस जात नाई."

मी म्हटलं, त्यात वाचण्यासारखं काही नाही. म्हणाले, "असू दे. तुह्या हातचं हाये ना."

मग मी ठरवलं. तोंडानं माझ्यानं सांगवणार नाही, पण लिहिलेलं वाचता येईल. मास्तरीण आहे, समोर लिहिलेलं असलं की आवाज थांबत नाही. पहिल्या पानापासून सुरू केलं.

फोटोच्या काचेला हे ओशाळले. काळ्या लुगड्याला म्हणाले, "हिरवं होतं काय ते?" आणि माझा पदर हातानं चाचपून पाहिला. अक्षतांपाशी मात्र इतके हसले, की पट्टी सरकेल म्हणून मी घाबरले. "मारुतीचं लगन!" म्हणाले आणि पुन्हा हसले. दोन महिन्यांनी हे हसणं ऐकलं. वीस एप्रिलच्या पानाला हसू थांबलं. "तुले डबी सापडलती?" म्हणाले. मी पान उलटलं. पुढचं पान आखाजीचं.

"बाकीचं उद्या वाचते."

"नाई. आजच वाच."

वाचलं. तानुबाई वाचली, अंगारा वाचला, चाळावा वाटला आणि चाळला नाही तेही वाचलं. नीट झालं, हेही. एक अक्षर गाळलं नाही. गुण येतोय म्हणून लिहिलेलं पानही वाचलं. मळ्यातल्या म्हातारीचं पान संपलं तेव्हा वही मिटून मांडीवर ठेवली.

 बाहेर पाणीवाली येऊन गेली. मी म्हटलं, मारा, हाकला, हिवरखेडला धाडा, काय वाटेल ते करा, पण बोला.

"म्हणजे मी झोपीत बोललो नाई," म्हणाले.

"नाई."

"गुण माह्यानं नाई गेला."

"नाई. माह्यानं गेला."

पट्टीच्या कडा ओल्या व्हायला लागल्या. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलंय. मी पदरानं टिपायला गेले तर माझा हात त्यांनी बाजूला केला. रागानं नाही, पण केला. मग भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. रात्री जेवले नाहीत.

शुक्रवार, १२ मे

पट्टी सुटली. डाव्यानं दिसतं, धुकं आहे पण दिसतं. उजव्यानं डॉक्टर म्हणाले तसंच. माझ्याकडं बघताना आता तोंड जरा वळवतात. सरळ पाहिलं की मधली मीच दिसत नाही म्हणे.

तीन दिवसांत कामापुरतंच बोलले होते. पाणी दे, काठी दे.  जास्त मागायचा मला हक्क नव्हता.

आज प्रेसमधून खुशालराव येऊन गेले. मशीन बंद ठेवलंय, स्टोअरमध्ये बसायचं काम देतो म्हणाले. हे हो म्हणाले. हिवरखेडचं पत्रही आलं होतं. ते त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं, आणि उत्तर स्वतः सांगून माझ्याच हातानं लिहवलं: शेषराव येणार नाही, जमुनेचं दुसरीकडं पाहावं. लिहिताना माझ्या अक्षराची पार दैना झाली.

संध्याकाळी हे अंगणात बसले होते. मी भाकरीचं पीठ मळत होते.

"उद्या शनवार हाये," म्हणाले.

"हो."

"माह्या पायानं तेवढं जाणं होत नाई अजून." थांबले. "डाक्टरनं डोयात घालू नको म्हणलं, ते नाई घालत. पण वरून पट्टी ठेवाले काय हरकत हाये. थंड वाटते."

"नाई, हरकत नाई."

"ज्याले गरज हाये त्यानं सोता जा लागते, असा कायदा हाये तिचा. तुले गरज हाये का नाई, ते तू पाह्य."

मी पिठाचे हात तसेच धरून बसले.

"अन् गेली तं कोणाले सांगू नको. मले बी नाई. वहीत बी नाई."

शनिवार, १३ मे

उन्हाचा ताप फार. घरात तांदूळ होते, हळद होती.

संध्याकाळी बाहेर जाऊन आले. कुठं, ते लिहीत नाही. उद्या पहाटे लवकर उठायचं आहे.